विषाचा प्याला आणि मावशीचं पोट

मावशीला मोठ्यानं बोलता येत नव्हतं असं नाही, पण सवयच मोडली होती. दुकानात साबण मागितला तरी दुकानदार काउंटरवरून अर्धा बाहेर वाकून कान पुढे करायचा, आणि मागे उभ्या असलेल्यांना वाटायचं, इथं काहीतरी भानगड आहे. बसमध्ये कोणाचा पाय तिच्या पायावर पडला, तर ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन अशा काही आवाजात "पाय काढा" म्हणायची, की तो माणूस पायच काय, सीटसुद्धा सोडून द्यायचा. करणार काय? सगळं आयुष्य विंगेतल्या स्टुलावर बसून नटांना वाक्यं पुरवण्यात गेलेलं. अडलेल्या नटाला ऐकू जाईल आणि पहिल्या रांगेला जाणार नाही, एवढाच आवाज तिनं वापरला. बाकीचा गंजला.

तर मावशी ही एका लहानशा नाटक कंपनीची प्रॉम्प्टर. सख्ख्या भाच्यांनी मावशी म्हणावं, तर तिला भाचे नव्हते. कंपनीतली झाडून सगळी माणसं मात्र तिला मावशीच म्हणत. दुसरीकडे प्रॉम्प्टर मांडीवर नाटकाची संहिता आणि हातात बॅटरी घेऊन बसतो. आमच्या मावशीच्या मांडीवर लोकर आणि हातात विणकामाच्या सुया. संहिता तिनं कधी विंगेत आणलीच नाही. सगळी नाटकं डोक्यात! अंधारात मोजे विणता विणता तिची नजर नटाच्या गळ्यावर असायची. वाक्य हरवलं की माणूस आधी आवंढा गिळतो, मग हातवारे करतो, आणि मग देवाला हाक मारतो. मावशी आवंढ्यालाच पकडायची.

आणि पूर्ण वाक्य ती कधी द्यायची नाही. पहिले दोन शब्द द्यायचे आणि गप्प बसायचं. तिसरा शब्द नटाचा, तो त्याचा त्यानं शोधायचा. घाई केली तर तो बिथरतो. ही विद्या तिला तिच्या थोरल्या बहिणीनं, ताईनं, शिकवली होती, कारण मावशीच्या आधी त्या स्टुलावर ताईच बसायची.

या विद्येवर सगळ्यात जास्त जगले ते महाराज. म्हणजे राजाचं काम करणारे गृहस्थ. दिवसा त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, पण तिथंही गिऱ्हाईक "महाराज, काच बदलून द्या" असंच म्हणायचं. देह भारदस्त, आवाज असा की शेवटच्या रांगेत पेंगणारा माणूस दचकून ताठ बसावा, आणि पाठांतराच्या नावानं आनंदीआनंद. कंपनीच्या मालकाचं फर्निचरचं दुकान असल्यामुळे सिंहासन प्रयोगापुरतं दुकानातून यायचं आणि प्रयोग झाला की परत विकायला जायचं. महाराज त्यावर बसण्याआधी मागे हात फिरवून किमतीची चिठ्ठी निघालीय ना बघायचे, आणि त्या भानगडीत पहिलंच वाक्य विसरायचे. राणी होती ती दाताच्या दवाखान्यात मदतनीस. दिवसभर उभं राहून तिचे पाय भरून आलेले असायचे, त्यामुळे तिसऱ्या अंकात मरून पडण्याचं काम ती अगदी मनापासून करायची.

कंपनीची नाटकं दोन. एक हे राजाचं, गंभीर. दुसरं तबेल्याचं, धमाल. आलटून पालटून प्रयोग व्हायचे, नट तेच. आणि एका संध्याकाळी, राजाच्या नाटकात, शत्रूचा वकील दरबारात येऊन म्हणाला, "महाराज, शरण या, नाहीतर नगर जाळून टाकू!" महाराज उठले. छाती फुगवली. आवंढा गिळला.

मावशीनं तत्काळ दोन शब्द सोडले, "आधी घोडीला…"

आता दुसरा कोणी असता तर थांबला असता, म्हणाला असता, घोडी इथं कुठून आली? पण महाराजांचा मावशीवर इतका विश्वास, की तिनं दिलेला शब्द आणि तोंडातून निघालेलं वाक्य यांच्यामध्ये त्यांचं डोकं कधी यायचंच नाही. तलवार उपसून त्यांनी गर्जना केली, "आधी घोडीला पाणी पाजा, मग मला मारा!"

सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. शत्रूचा वकील नवखा होता, त्यानं घाबरून मुजरा केला आणि म्हणाला, "जशी आज्ञा." मग जे काय हशाचं धरण फुटलं! एक बाई खुर्चीवरून घसरली. मालक स्वतः मागे उभे राहून डोळे पुसत होते. पडदा पडल्यावर म्हणाले, "मावशी, हे वाक्य कायमचं ठेवू या."

सगळे मावशीभोवती गोळा होऊन टाळ्या देत होते आणि मावशीच्या पोटात मात्र गोळा आला होता. तिनं लोकर गुंडाळली, सुया पिशवीत टाकल्या आणि कोणाशी न बोलता घरी निघाली. तिला हसू कसं येणार? ताईचं अगदी असंच सुरू झालं होतं. एका नाटकात दुसऱ्या नाटकाचं वाक्य. तेव्हाही लोक असेच हसले होते. मग ताई किल्ल्या विसरू लागली, मग रस्ते, मग माणसं. आता ताई मावशीच्याच घरात, खिडकीच्या खोलीत असायची, आणि धाकट्या बहिणीला मोठ्या अदबीनं विचारायची, "बाई, तुम्ही कोणाच्या?"

"मी तुझीच गं," मावशी सांगायची.

"हो का? छान," म्हणायची ताई, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायची.

एके काळी हीच ताई असली पक्की होती! लहानपणी लपंडावात धाकटी कुठेही लपो, कपाटात, पलंगाखाली, गाद्यांच्या ढिगामागे, ताई तडक चालत यायची, तिच्या समोर उभी राहायची आणि म्हणायची, "ये बाहेर." कसं कळायचं कोण जाणे. धाकटी श्वास रोखून बसायची, तरी पहिली तीच सापडायची. गुपित ताईनं कधी फोडलं नाही, आणि आता विचारून उपयोग नव्हता.

त्या संध्याकाळी मावशीनं स्वतःशी ठरवून टाकलं. आणखी एक चूक झाली, की स्टूल सोडायचं. आणि चूक होऊ नये म्हणून जे काय करता येईल ते सगळं करायचं.

ताईच्या गोळ्या घ्यायला ती डॉक्टरीणबाईंकडे गेली तेव्हा खुर्ची पुढे ओढून कुजबुजली, "माझ्या एका मैत्रिणीबद्दल विचारायचं होतं."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला लागल्या की गाडीला ब्रेक नाही. "विचारा ना, आजी."

"आजी कोण?" मावशी म्हणाली. "मैत्रीण तर माझ्याहून लहान आहे."

मैत्रिणीची सगळी हकीकत ऐकून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मैत्रिणीला इथं आणा, तपासू. सोबत तिला ओळखणारं कोणीतरी आणा. झोप लागते का तिला?"

"मस्त," मावशीनं ठोकून दिलं. खरं म्हणजे ताई रात्रीची उठून घरभर फिरायची आणि मावशी तिच्यामागे. पण हे सांगितलं तर ताईला कुठेतरी संस्थेत ठेवा म्हणतील, ही भीती.

"मग खाण्यापिण्याकडे लक्ष द्या. पोटाचं आणि मेंदूचं फार साटंलोटं असतं. पोटापासून थेट मेंदूपर्यंत नस गेलेली असते, टेलिफोनच्या तारेसारखी. आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात, त्यातले चांगले असतात ते काही रसायनं बनवतात, शरीरातली आतली सूज कमी ठेवतात, आणि त्याचा मेंदूला फायदा होतो असं दिसतंय. दही खा, आंबवलेल्या भाज्या खा, चोथा असलेलं खा. पण हे बघा, विसरण्याचा आजार यानं टळतोच असं अजून कोणी छातीठोक सांगू शकत नाही. संशोधन चालू आहे. चालणं, झोप, माणसांत राहणं, रक्तदाब ताब्यात ठेवणं, हे सगळं…"

पण मावशी "आंबवलेल्या भाज्या खा" इथंच उतरली होती. पुढचं भाषण रिकाम्या खुर्चीनं ऐकलं.

आणि मग सुरू झाली मोहीम! घरात दह्याची भांडी इतकी झाली की दूधवाल्यानं विचारलं, हॉटेल काढलंय का. खिडकीत दही, कपाटावर दही, ताईच्या पलंगाखाली दही. मावशी सकाळी उठून एक वाडगा खायची, जेवताना दोन, आणि आरशात बघून स्वतःची परीक्षा घ्यायची: पहिल्या अंकातलं प्रधानाचं भाषण पाठ म्हणायचं. भाषण बिनचूक आलं की ती पोटावरून हात फिरवून आतल्या मंडळींना शाबासकी द्यायची. चुकलं की आणखी एक वाडगा.

मग कोबी आला. कोबी चिरायचा, मीठ चोळायचं, बरणीत दाबून भरायचा आणि आंबू द्यायचा. चार-दोन दिवसांत बरण्या बोलायला लागल्या. बुडबुड, गुडगुड, मध्येच एक उसासा. ताईला बरण्यांचा भारी लळा लागला. एरवी कशात जीव न रमणारी ती, तासन्‌तास बरणीला कान लावून बसायची आणि गंभीर चेहऱ्यानं सांगायची, "आत कोणीतरी लपलंय."

"असू दे," मावशी म्हणायची. "आपल्याच बाजूचे आहेत ते."

मावशीच्या डोक्यात आलं, कपडेपटाच्या खोलीत दिव्यांमुळे ऊब असते, तिथं कोबी लवकर होईल. म्हणून एक बरणी, झाकण चांगलं घट्ट लावून, राजाच्या झग्यामागे ठेवली. शहाण्या माणसानं झाकण सैल ठेवलं असतं, कारण आत वायू धरतो. पण शहाण्या माणसाला एवढी घाई नसते. तालमीच्या वेळी आत धाडकन आवाज झाला. महाराजांनी जमिनीवर लोटांगण घातलं, वकील टेबलाखाली, आणि मालक ओरडले, "सिंहासन बघा, सिंहासन!" सिंहासन सुखरूप होतं. झगा मात्र कोबीनं नखशिखान्त भिजला होता, आणि त्यानंतर कितीही धुतला तरी दिव्यांची ऊब लागली की त्याचा असा काही दरवळ सुटायचा, की वकील लांबूनच मुजरा करू लागला. लोकांना वाटलं, काय हा राजाचा दरारा!

मावशीला कोणी रागावलं नाही. राणीनं फक्त विचारलं, "मावशी, हे सगळं कशासाठी चाललंय?"

"पोटासाठी," मावशी म्हणाली, आणि खोटं नव्हतं ते.

आणि मग तो प्रयोग आला. नाट्यगृह भरलेलं. तिसऱ्या अंकात राणी मेलेली, तिच्या अंगावर शुभ्र चादर. प्रेतामागे प्रधान, पुढे राजा. हातात विषाचा प्याला. या नाटकाची सगळी पुण्याई या एका प्रसंगात होती: राजा प्याला ओठांपर्यंत नेतो आणि थांबतो. संगीत नाही, हालचाल नाही, काही नाही. प्रेक्षकांनी श्वास धरून ठेवायचा. मग राजा म्हणतो, "माझ्या वाटणीचं आयुष्य संपलं असेल, राणी, पण तुझ्या वाटणीचं मी अजून जगलेलो नाही," आणि प्याला भिरकावून देतो. बायका रडतात. पुरुष खोकतात.

मावशीनं त्या दिवशी जरा जास्तच कोबी खाल्ला होता. महत्त्वाचा प्रयोग, कोणताही धोका नको म्हणून.

प्याला ओठांशी गेला. शांतता झाली. आणि विंगेतून आवाज आला. आधी लांबून, मोरीत पाणी ओढलं जावं तसा. मग जवळ आला, वर चढला, वळण घेतलं, आणि शेवटी एक लांबलचक प्रश्न विचारल्यासारखा थांबला.

"गुड… गुडगुड… गुर्रर्रऽऽऊँ?"

महाराजांनी सावकाश प्याल्यात डोकावून पाहिलं.

संपलं! बाल्कनीतून कोणीतरी फिस्सकन हसलं. मेलेल्या राणीची चादर थरथरायला लागली. प्रधान प्रेतामागे उभा होता, त्यानं दुःखानं तोंड झाकल्यासारखं केलं, पण त्याचे खांदे उड्या मारत होते. महाराजांचे ओठ आवळलेले, गाल फुगलेले, डोळ्यांतून पाणी. प्रेक्षकांना वाटलं, वाहवा, काय रडतो आहे माणूस! त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या. महाराजांनी आवंढा गिळला आणि विंगेकडे पाहिलं.

आणि मावशीच्या डोक्यात काही नव्हतं.

वाक्य नव्हतं. शब्द नव्हता. घोडीसुद्धा नव्हती. जिथं सगळी नाटकं ओळीनं लावलेली असायची तिथं रिकामी भिंत. सुया हातातून गळून पडल्या. ताईला असंच होत असेल का, हा एकच विचार. मंचावर महाराज पुन्हा आवंढा गिळत होते.

तेवढ्यात चादरीची एक कड हलली. मेलेली राणी प्रेक्षकांकडे पाठ करून पडलेली होती, तोंड विंगेकडे. तिनं एक डोळा उघडला. मावशीकडे पाहिलं. आणि आवाज न करता, फक्त ओठांनी, दोन शब्द दिले: माझ्या… वाटणीचं…

बस. तिसरा शब्द मावशीचा मावशीला सापडला. मागून पूर्ण ओळ, अंक, नाटक, सगळं धाडधाड आलं. मावशीनं आवाज काढला, "माझ्या वाटणीचं…" महाराजांनी झेल घेतला, वाक्य फेकलं, प्याला भिरकावला. बायका रडल्या. पुरुष खोकले.

पडदा पडल्यावर मावशीनं मालकांपुढे स्टूल नेऊन ठेवलं. "हे घ्या. मी विसरले. ताईसारखं झालंय मला. डॉक्टरीणबाईंना मैत्रिणीचं म्हणून सांगितलं, ते माझंच." आणि इतकी वर्षं कुजबुजणारी ती बाई मोठ्यानं रडायला लागली. तिचा आवाज कोणी ऐकलेलाच नव्हता. सगळे घाबरलेच.

मालक गोंधळून स्टूल उलटंसुलटं बघत राहिले, जणू पायच मोडलाय. महाराज म्हणाले, "अहो मावशी, एकदा विसरलात म्हणून जायचं? मग मी कुठं जाऊ? मी तर जन्मभर विसरतोय!"

"तुझं वेगळं आहे रे. तुला पहिल्यापासून येतच नव्हतं."

राणीनं चादर खांद्यावर टाकली, मावशीच्या शेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "उद्या मी तुमच्याबरोबर दवाखान्यात येणार. आणि मैत्रीणबित्रीण काही नाही हं."

डॉक्टरीणबाईंनी राणीला विचारलं, "यांना झोप लागते?"

"कसली झोप! ताई फिरतात रात्रभर, त्यांच्यामागे याही. तालमीला येतात तेव्हा डोळे बघा यांचे." मावशीनं तिला कोपर मारलं, पण राणी मेलेली असतानाही गप्प बसली नव्हती, जिवंतपणी काय बसणार!

मग तपासण्या झाल्या. रक्त झालं, स्मरणशक्तीची परीक्षा झाली. डॉक्टरीणबाईंनी काही शब्द सांगितले आणि म्हणाल्या, थोड्या वेळानं विचारीन. विचारायची वेळ आली तेव्हा मावशीनं शब्द सांगितले ते सांगितलेच, वर एकदा डॉक्टरीणबाईच पुढच्या प्रश्नाला अडखळल्या, तर ताईच्या तपासणीत तोच प्रश्न ऐकलेल्या मावशीनं सवयीनं पहिले दोन शब्द कुजबुजून दिले.

"मावशी," डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या, आणि आजी म्हणाल्या नाहीत याची मावशीनं नोंद घेतली, "ताईंचं जे आहे ते तुम्हाला आज दिसत नाहीये. तुम्ही दमला आहात. इतके महिने धड झोप नाही म्हटल्यावर माझीही घोडी आणि राजा एकत्र होतील."

"म्हणजे मला होणार नाही?"

"ते मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकत नाही. दही चालू ठेवा, एक वाडगा. कोबी चमच्यानं खा, बरणीनं नको. पण नुसतं पोट सांभाळून भागायचं नाही. झोपा. आणि एकट्यानं ओढू नका."

राणीनं घरी परत येताना सगळी व्यवस्था मनातल्या मनात लावून टाकली, आणि कोणाला न विचारता कंपनीला सांगितली. शेजारीणबाई, प्रधानाची बायको आणि ती स्वतः, अशा तिघी पाळीपाळीनं ताईजवळ झोपायला येणार. मावशीनं दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. कुरकुर करायची नाही. पहिल्या दिवशी मावशी अशी झोपली, की सकाळी शेजारीणबाईंनी नाकाजवळ हात धरून बघितला. आणि प्रयोगाच्या दिवशी ताईला घरी कोणाच्या गळ्यात घालायचं नाही, सरळ नाट्यगृहात आणायचं, असंही ठरलं. मालकांनी दुकानातून एक आरामखुर्ची पाठवली. विकाऊ होती, पण ताई बसली की ती विकायची नाही, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं.

ताई विंगेत आली, खुर्चीत बसली, वर दोऱ्या, पडदे, दिवे बघितले. ओळख पटली की नाही, कळायला मार्ग नव्हता. मावशीनं तिच्या गुडघ्यांवर मोज्यांची लोकर ठेवली, एका वाडग्यात दही दिलं. तिसरी घंटा झाली. पडदा उघडला.

पहिला अंक झकास गेला. दुसऱ्यात महाराज नेहमीसारखे अडखळले, नेहमीसारखे सावरले. वकिलानं लांबून मुजरा केला. मावशीच्या सुया चालू, नजर गळ्यावर, आणि मनात म्हटलं तर भीती होतीच. ती काय एका झोपेनं जाते? पण आता ती भीती विंगेत एकटी नव्हती बसलेली.

तिसरा अंक. राणी मेली. राजानं प्याला उचलला. ओठांशी नेला. सगळं नाट्यगृह चिडीचूप झालं.

ताईनं वाडगा खाली ठेवला, मावशीकडे वळली, नीट निरखून बघितलं आणि अदबीनं, हळू आवाजात विचारलं, "बाई, तुम्ही कोणाच्या?"

मावशी एरवीसारखं उत्तर देणार होती. पण विंगेत होती, स्टुलावर होती, हातात सुया होत्या. तिनं ताईच्या कानाशी तोंड नेलं आणि पहिले दोन शब्द दिले.

"मी तुझी…"

आणि गप्प बसली. ताईनंच शिकवलेलं. घाई करायची नाही. तिसरा शब्द तिचा.

ताईनं आवंढा गिळला. मंचावर महाराज प्याला धरून उभे. कुठेही काही हलत नव्हतं. मावशीनं श्वास रोखून धरला, लहानपणी गाद्यांमागे धरायची तसा.

आणि त्या शांततेत मावशीचं पोट बोललं. फार नाही, चमचाभर कोबीचंच होतं. "गुडुर्रऽऽऊँ?"

ताईचा चेहरा असा उजळला, की जणू कोणी घरातले सगळे दिवे लावले. तिनं टाळी वाजवली आणि सबंध नाट्यगृहाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "धाकटी! अगं, ही तर आमची धाकटी! ये बाहेर! हिचं पोट लहानपणापासून वाजतं, म्हणून तर लपंडावात पहिली सापडते!"

मग काय विचारता! वरून, खालून, बाल्कनीतून हशा उसळला. प्रधान खाली बसला. चादर तंबूसारखी उडायला लागली. ताईनं मावशीचा हात गच्च धरला होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "सापडली, सापडली." मावशी हसत होती, रडत होती, पोट धरून हसत होती, आणि जिच्यासाठी इतकी वर्षं तिनं आवाज दाबून ठेवला होता त्या शांततेची तिला काडीचीही पर्वा नव्हती. महाराज विंगेकडे बघून आवंढ्यावर आवंढे गिळत होते, पण तिकडे बघायला मावशीला सवड कुठं होती?

राजाला त्या दिवशी वाक्य मेलेल्या राणीनं दिलं.